पिंजरा नंतर बघा, आधी तवा बघा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या आमच्या एका मित्राच्या घरी सन कॉन्युरचं पिल्लू यायचं आहे. मुलीनं हट्ट धरला, आईनं नको नको म्हणता म्हणता पिंजऱ्यांचे भाव काढले, आणि तयारीची यादी माझ्याकडे आली: पिंजरा, झोका, राळं, सूर्यफुलाच्या बिया, पाण्याची वाटी, बोलायला शिकवायचे व्हिडिओ. यादी बरी होती, फक्त घरातल्या हवेचा तिच्यात उल्लेख नव्हता. मी उलट विचारलं, तुमच्याकडे डोसा कशावर होतो? त्यांना वाटलं मी जेवायला येतोय.

कॉन्युर हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले लांब शेपटीचे, लहानखुरे पोपट. त्यातला सन कॉन्युर गयाना आणि उत्तर ब्राझीलच्या भागातला. लांबी साधारण ३० सेंटिमीटर, वजन १०० ते १२० ग्रॅम. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या व्यापारापायी रानातली त्याची संख्या इतकी घटली, की आज तो संकटग्रस्त प्रजातींमध्ये मोडतो. दुकानात पिल्लू बघायला जाल तेव्हा ते व्हिडिओतल्यासारखं पिवळंधमक नसेल. पिल्लं बरीचशी हिरवी असतात, पुरता पिवळा-केशरी रंग चढायला दीड-दोन वर्षं जातात. तेव्हा ‘रंग कमी आहे’ म्हणून घासाघीस करू नका आणि ‘एकदम पिवळं पिल्लू’ म्हणून जास्त पैसेही मोजू नका. आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं, कधी त्याहून जास्त. आज चौथीत असलेली मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही हा ओरडत असेल. ओरडतो म्हणजे फारच ओरडतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. बोलण्यात मात्र तो आपल्या राघूच्या पासंगालाही पुरत नाही.

राघूचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपला देशी पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग तो पिंजऱ्यात कितीही लाडात असो. फूटपाथवर पाकिटं उचलून भविष्य सांगणारा पोपटही त्यातच आला. स्वतःची सुटका कधी होणार हे त्याला सांगता येत नाही, पण आपल्या लग्नाचा योग सांगतो. कॉन्युर परदेशी असल्यामुळे त्याला ही बंदी नाही, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्या-पक्ष्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत. दुकानदार ‘काही लागत नाही हो’ म्हणाला, तरी पावती मागून घ्या.

आता हवेकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते तिथंच.

आपण श्वास घेतो तेव्हा हवा ज्या वाटेनं आत जाते त्याच वाटेनं बाहेर येते. आरामात बसलेला माणूस एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. पण श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसांत दोन-अडीच लिटर जुनी हवा उरलेली असते. म्हणजे प्रत्येक ताजा श्वास आधीच्या शिळ्या हवेत मिसळतो, आणि रक्ताला ऑक्सिजन मिळतो तो या मिश्रणातून. आपलं त्यावर भागतं, कारण आपल्याला उडायचं नसतं.

उडणं हे अफाट ऑक्सिजन मागणारं काम आहे, आणि पक्ष्यांनी त्यासाठी वेगळीच रचना कमावली आहे. पक्ष्याची फुप्फुसं फुगत नाहीत. ती लहान, जवळपास ताठ आणि पाठीच्या बरगड्यांना चिकटलेली असतात. हवा खेचायचं आणि ढकलायचं काम हवेच्या पातळ पिशव्या करतात. बहुतेक पक्ष्यांत त्या साधारण नऊ असतात, छातीत, पोटात, आणि काही तर पोकळ हाडांमध्येही शिरलेल्या. या पिशव्यांमध्ये ऑक्सिजनची देवाणघेवाण जवळजवळ होतच नाही. त्या नुसत्या भात्याचं काम करतात.

एका श्वासातली हवा पक्ष्याच्या शरीरातून बाहेर पडायला दोन श्वास लागतात. पहिल्यांदा श्वास आत घेतला की ताज्या हवेतला मोठा वाटा फुप्फुसं ओलांडून थेट मागच्या पिशव्यांत जाऊन थांबतो. श्वास सोडला की तीच हवा फुप्फुसांतून पुढे सरकते. दुसऱ्यांदा श्वास घेतला की फुप्फुसांतली वापरलेली हवा पुढच्या पिशव्यांत येते, आणि दुसऱ्यांदा सोडला की बाहेर पडते. यातली गंमत अशी, की पक्षी श्वास घेत असो वा सोडत असो, फुप्फुसांतून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. (एका छोट्या भागात वाहतूक दुतर्फा असते, पण तो सोडून देऊ.) १९७० च्या आगेमागे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहामृग आणि बदकांवर प्रयोग करून हे दाखवलं. आणि या सगळ्या मार्गावर झडप म्हणून एकही नाही! हृदयात चार झडपा लागतात, इथं नळ्यांचे कोन आणि वाहत्या हवेचा जोर एवढ्यावरच दिशा ठरते. मला हे दर वेळी वाचताना नव्यानं आश्चर्य वाटतं.

फुप्फुसाच्या आत पॅराब्राँकाय नावाच्या समांतर नळ्या असतात, आणि त्यांच्या भिंतींतून केसांहून कितीतरी बारीक, एकमेकांत गुंतलेल्या हवेच्या वाहिन्या फुटतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आत. रक्त या नळ्यांना आडवं येतं. चादरीच्या मागावर ताणा उभा आणि बाणा आडवा असतो ना, तसं इथं हवा ताण्यासारखी एका दिशेनं जाते आणि रक्ताच्या केशवाहिन्या बाण्यासारख्या तिला ठिकठिकाणी छेदत जातात. नळीच्या सुरुवातीला जे रक्त भेटतं त्याला अगदी ताजी हवा मिळते, ते ऑक्सिजननं पुरेपूर भरतं. टोकाला भेटणाऱ्या रक्ताच्या वाट्याला बऱ्यापैकी वापरलेली हवा येते, तरीही त्या रक्तात ऑक्सिजन त्याहून कमीच असल्यामुळे ते काही ना काही उचलतंच. शेवटी ही सगळी रक्तं एकत्र होतात. परिणाम असा, की फुप्फुसातून निघालेल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब हा बाहेर टाकलेल्या हवेतल्या दाबापेक्षा जास्त असू शकतो. आपल्या फुप्फुसांना हे जमत नाही. वायुकोशातल्या, म्हणजे फुप्फुसांतल्या बारीक फुग्यांतल्या, मिश्र हवेची बरोबरी करणं ही आपल्या रक्ताची कमाल मर्यादा.

हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर पट्टकादंब हंस उतरतात. हिमालय ओलांडताना त्यांची सात हजार मीटरहून अधिक उंची नोंदली गेली आहे. तिथल्या विरळ हवेत पंख मारत राहायचं तर फुप्फुसं अशीच हवीत.

हवा आणि रक्त यांच्यातला पडदाही पक्ष्यांत माणसाच्या निम्म्याहून पातळ असतो. ऑक्सिजन झपाट्यानं आत येतो तो यामुळे, पण हवेत जे काही असेल तेही तितक्याच झपाट्यानं येतं. शिवाय आपल्या वायुकोशांत कचरा गिळणाऱ्या पेशी मुबलक फिरत असतात, पक्ष्यांच्या फुप्फुसांत त्या फारच थोड्या. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत ते याच कारणानं. कार्बन मोनॉक्साईडनं माणसाला गरगरायच्या आधी कॅनरी दांडीवरून पडायचा.

आणि आता तवा. नॉनस्टिक भांड्यावरचा थर म्हणजे टेफ्लॉन या नावानं ओळखला जाणारा पॉलिमर, १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघातानं सापडलेला. नेहमीच्या स्वयंपाकाच्या तापमानाला तो काही करत नाही. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून आपण फोनवर बोलत बसलो, की काही मिनिटांत तो २६० अंश सेल्सियसच्या पुढे जातो, आणि थर विघटित होऊन अतिसूक्ष्म कण व विषारी वायू सुटू लागतात. डोशाचा तवा तर आपण मुद्दाम रिकामाच तापवतो. माणसाला बहुधा तापासारखी कणकण येते, तीही जास्त धूर गेला तर. पक्ष्याच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो, पाणी भरतं, आणि डॉक्टरांकडे नेईपर्यंत तो उरत नाही. वास येतोच असं नाही. त्यामुळे ‘वास आला की खिडकी उघडू’ हा बेत निरुपयोगी आहे. पिल्लू यायच्या आधी नॉनस्टिक तवा, कढई, सँडविच मेकर, असा थर असलेली इस्त्री, एअर फ्रायर यांचा हिशेब लावा. सोलापूरकरांना हे जड जायचं कारण नाही. कडक भाकरी नाहीतरी लोखंडी तव्यावरच होते.

पुढचा नंबर धुराचा. उदबत्ती, धूप, कापूर, डास मारायची कॉइल, झुरळांचा स्प्रे, फिनेल, अत्तर. धुपानं घर शुद्ध होतं असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण पक्ष्याच्या खोलीत ते करू नये एवढं नक्की. वास्तूच्या नावाखाली पक्ष्याच्या पिंजऱ्याला शुभ दिशा सांगणारेही भेटतात. मला एकच दिशा महत्त्वाची वाटते, स्वयंपाकघराकडून वारा जिकडे वाहतो तिची उलटी. घरी विड्या वळल्या जात असतील तर तंबाखूची धूळ आणि हाताला लागलेलं निकोटीन, यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर सुताचे तंतू, दोन्हींपासून पिंजरा लांब हवा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेचं शोभेचं दारूकाम असतं, तेव्हा होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी त्या रात्री खिडक्या बंद ठेवाव्यात. दिवाळीत तर सगळ्यांनीच.

बुरशी हे याच कथेचं उपकथानक. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू या बारीक नळ्यांतून सहज आत शिरतात आणि हवेच्या पिशव्यांत मुक्काम करतात. पिशव्यांना रक्तपुरवठा जेमतेम, त्यामुळे औषध तिथवर पोचणं अवघड. हे बीजाणू येतात कुठून? सादळलेल्या शेंगांच्या टरफलांतून आणि गेल्या उन्हाळ्यापासून न बदललेल्या कूलरच्या गवतातून. शेंगाची चटणी आपण खावी, पक्ष्याला टरफलासकट शेंगा देऊ नयेत.

पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. श्वास घेताना त्याच्या छातीचं हाड पुढे-खाली सरकावं लागतं. लहान मुलानं प्रेमानं त्याला मुठीत घट्ट धरलं, की नाक-तोंड मोकळं असूनही पक्षी गुदमरतो. हे मुलीला पिल्लू यायच्या आधीच शिकवा. दुकानात पिल्लू निवडतानाही याचाच उपयोग होतो: शांत बसलेल्या पिल्लाची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर ठळकपणे वर-खाली होत असेल, तर त्याला श्वासाला कष्ट पडताहेत. ते पिल्लू दयेपोटी घेऊ नका, डॉक्टरांना दाखवायला दुकानदाराला सांगा.

सोलापूरचा मे महिना वेगळा बघावा लागतो. पक्ष्याच्या शरीराचं तापमान मुळात ४१ अंशांच्या आसपास, त्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. बाहेर पारा ४३-४४ वर गेला की उष्णता शरीरातून नुसती निसटत नाही, उलट आत येते. मग चोच उघडून धापा टाकत शरीरातलं पाणी वाफेनं उडवणं हाच मुख्य मार्ग राहतो. गच्चीवर, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत पिंजरा नको. आंघोळीला उथळ पसरट भांडं ठेवा, हौसेनं भिजतात. पक्षी मोकळा असताना छताचा पंखा बंद, हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं.

खाण्याबद्दल थोडक्यात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या पोपटांत अ जीवनसत्त्वाची आणि कॅल्शियमची कमतरता होते. शेवग्याचा पाला, गाजर, मोड आलेली कडधान्यं, पेलेट (पक्ष्यांचं तयार गोळ्यांचं खाद्य), आणि हंगामात कोवळा हुरडा द्या. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, चहा-कॉफी अजिबात नाही. हिरवी मिरची दिली की पोपट लवकर बोलतो ही समजूत आहे, तिला आधार नाही. मिरचीचा जाळ जाणवतो तो कॅप्सेसिन हे रसायन मज्जातंतूंवरच्या एका ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटल्यामुळे. त्या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पक्ष्यांमधला तोच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. त्यामुळे पक्षी मिरची मिटक्या मारत खातात, आणि त्यांतले बरेच तिच्या बिया लांबवर टाकतात, मिरचीच्या झाडाचा फायदा त्यात आहे. आपल्याला वाटतं जीभ सुटली.

शेवटी एक गोष्ट, हिच्यावर मी हट्टानं बोलतो. ‘हातानं भरवून वाढवा, माणसाळेल’ असं सांगून अगदी कोवळी, स्वतः न खाणारी पिल्लं विकली जातात. भरवायचं पातळ खाणं थोडं जास्त गरम झालं तर पिल्लाच्या गळ्याजवळची अन्नाची पिशवी भाजते, थोडं गार झालं तर ती रिकामी होत नाही, आणि सिरिंज चुकीच्या कोनात गेली तर खाणं श्वासनलिकेत उतरतं. शिकलेल्या हाताचं काम आहे ते. दोन-अडीच महिन्यांचं, आपलं आपण दाणे फोडून खाणारं पिल्लूच घ्या. तेही माणसाळतं, फक्त आठवड्याभराऐवजी महिना लागतो. आणि यादीत स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा लिहा. पक्षी आजार लपवतात, पण वजन लपवता येत नाही. रोज सकाळी, खाण्याआधी, काट्यावर छोटी दांडी ठेवून पिल्लाला बसवायचं आणि आकडा वहीत टिपायचा. ११० ग्रॅमचा पक्षी १०० च्या खाली घसरला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी पक्षी हाताळणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. असा डॉक्टर सोलापुरात कोण आहे ते पिल्लू आणायच्या आधी शोधून त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.