बिडी-सिगरेट आज सोडायची नसेल, तरी हे वाचा

निपाणीत मेडिकल चालवायचं आणि तंबाखूवर भाषण ठोकायचं, हे आम्हाला शोभणार नाही. इथली कित्येक घरं त्याच पिकावर आणि बिड्या वळण्यावर चालली. तेव्हा हे पत्रक ज्यांची सोडायची तयारी नाही, पण जिना चढताना धाप लागायला लागली आहे, त्यांच्यासाठी.

तलफ येते ती निकोटिनमुळे. फुप्फुसं आणि हृदयाचं नुकसान मात्र मुख्यतः धुरामुळे होतं. त्यातल्या टार आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे. म्हणून धुराशिवाय निकोटिन देणारं च्युइंगम, चघळायची गोळी किंवा कातडीवर चिकटवायचा पॅच. हेही बिनधोक नाही, पण बिडीपेक्षा नुकसान कितीतरी कमी.

गमबद्दल नेहमीची तक्रार: घसा जळतो, उचकी लागते. कारण लोक तो साध्या च्युइंगमसारखा चावत सुटतात. दोन-चारदा सावकाश चावा, तिखट लागलं की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये धरून ठेवा. चव उतरली की पुन्हा चावा. अर्धा तास असंच. त्याआधी 15 मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही. (चहाबरोबरच बिडी लागणाऱ्यांना हे जड जातं, माहीत आहे.) उठल्यावर अर्ध्या तासातच पहिली बिडी लागत असेल, तर 2 मिलिग्रॅमचा गम अपुरा पडू शकतो, 4 मिलिग्रॅमचा आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देतो.

सुरुवातीला जेवणानंतरच्या बिडीऐवजी गम घ्या, मग पुढची. पण ‘दिवसाला एकच ओढतो’ यावर निर्धास्त राहू नका. हृदयविकाराचा वाढीव धोका रोज 20 सिगरेट ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा राहतो.

बिडी कमी केली म्हणून तंबाखू-चुना मळायला लागलात, तर तो पर्याय नव्हे. तोंडाचा कॅन्सर तिथूनच येतो. मावा, गुटखाही त्यातलेच.

‘कोल्हापुरातून व्हेप मागवून द्या’ असं कुणीकुणी सांगतं. ई-सिगरेटच्या विक्रीवर, साठ्यावर 2019 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे तीच, पलीकडेही तीच. आम्ही मागवत नाही.

गरोदर बायका आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पाकिटं आणि वापरलेले पॅच पोरांच्या हाती लागू देऊ नका.

पुढे कधी सोडावंसं वाटलं, तर 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे. गम, गोळी किंवा पॅच पहिल्यांदा नेताना बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी काउंटरवर दाखवा.