जिभेखालचा पडदा: कसोटी बोलण्याची की दुधाची?

दोन-अडीच वर्षांचे लेकरू बोलायला लागले नाही, की बीडपासून नांदेडपर्यंत अनेक घरांत ‘त्याची जीभ जड आहे’ असे निदान थोरली मंडळी करून मोकळी होतात. मग कोणी वेखंड उगाळून जिभेला लावते, तर कोणी जिभेखालचा पडदा कापून आणायला सांगते. हा पडदा काही बाळांत खरोखरच आखूड किंवा जाड असतो. निरनिराळ्या पाहण्यांनुसार शंभरांतील साधारण ४ ते १० नवजात बाळांत, आणि मुलींपेक्षा मुलांत अधिक, तो तसा आढळतो. मात्र त्याची पहिली आणि खरी कसोटी बोलण्याच्या वयाच्या कितीतरी आधी, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, बाळाला अंगावर पाजताना लागते.

दूध ओढताना बाळाची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग तोंडात धरून ठेवते आणि मग तिचा मागचा भाग खाली जाऊन तोंडात पोकळी निर्माण होते. या पोकळीच्या ओढीने दूध येते. पडद्याने जखडलेली जीभ हिरडीच्या पुढे येऊ शकली नाही, तर बाळ नुसत्या हिरड्यांनी स्तनाग्र चावत राहते. पकड सुटल्याचा ‘टक्-टक्’ आवाज येतो, दूध ओठांच्या कडेने गळते आणि तोंडातून बाहेर आलेले स्तनाग्र चपटे, पांढुरके दिसते. त्याला चिरा पडल्या की पाजणे आईला नकोसे होते, स्तन पुरते रिकामे होत नाहीत आणि दूध आटू लागते. अशा वेळी आईबद्दल ‘हिला दूधच येत नाही’ म्हणून वरचे दूध सुरू केले जाते, आणि बाळाच्या तोंडात कोणी डोकावतही नाही.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येते आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅमने वाढते. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात, तेव्हा वजन वाढत नसल्याचे लक्षात येऊ शकते. बाळंतीण माहेरी असली किंवा कुटुंब ऊसतोडीला गेलेले असले, की या भेटी हुकतात. तिथे वजनकाट्याची चौकशी घरच्यांनाच करावी लागते.

जीभ बाहेर काढताना तिचे टोक पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे दिसले, म्हणजे पडदा कापायलाच हवा असे नाही. बाळ समाधानाने पीत असेल, वजन वाढत असेल आणि आईला वेदना नसतील, तर त्याला हात लावण्याचे कारण उरत नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये ५ चाचण्यांतील ३०२ बाळांचा आढावा घेतला, त्यात कापल्यानंतर आईच्या वेदना कमी झालेल्या आढळल्या, पण बाळाच्या पिण्यात सर्वत्र सारखी सुधारणा दिसली नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये सरसकट कापण्याऐवजी आधी पाजण्याची पद्धत सुधारण्यावर भर दिला. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे. बाळ कसे धरावे, तोंड पुरेसे उघडल्यावरच छातीशी कसे घ्यावे, हे जाणकार परिचारिकेने समोर बसून दाखवले तर बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

त्यानेही भागले नाही, तर बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ बोथट टोकाच्या कात्रीने पातळ पडदा काही क्षणांत मोकळा करतात. रक्त थेंब-दोन थेंबच येते आणि बाळाला लगेच पाजता येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिभेखाली पांढरट चट्टा दिसतो. तो पू नसून भरत येणारी जखम असते. घरी ब्लेडने किंवा नखाने हा उद्योग करणे मात्र धोक्याचे आहे, कारण तिथेच रक्तवाहिन्या आणि लाळेच्या नळ्यांची तोंडे असतात.

आता बोलण्याविषयी. फार घट्ट पडद्यामुळे ल, र, ळ किंवा ट, ड असे टोक वर न्यावे लागणारे उच्चार काही मुलांना जड जातात. पण मूल उशिरा बोलते किंवा मुळीच बोलत नाही, याचे कारण हा पडदा नसतो. अशा मुलाची आधी श्रवणचाचणी करावी. शून्य ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा शोध घेण्याची तरतूद आहे, आणि अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला हे थेट विचारता येते.