शेजारच्याला पटवून द्या

एक अवजड ट्रक आणि एक छोटी मोटार समोरासमोर धडकतात. ट्रकचं मोटारीवरचं बल जास्त, की मोटारीचं ट्रकवरचं? उत्तर मनाशी पक्कं करा आणि मगच पुढे वाचा.

एरिक मझूर १९८४पासून हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. वर्गात बरीच मुलं पुढे डॉक्टर होऊ पाहणारी. मुलांचे अभिप्राय छान, परीक्षेतले गुणही चांगले, त्यामुळे आपण उत्तम शिकवतो याबद्दल मझूरना शंका नव्हती. मग त्यांच्या वाचनात ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांचं १९८५ सालचं काम आलं. अख्खं सत्र न्यूटनचे नियम शिकूनही बल आणि गतीविषयीच्या मुलांच्या मूळच्या समजुती जागच्या हलत नाहीत, असा त्याचा सूर होता. आपल्या मुलांचं असं होणार नाही, या खात्रीने मझूरनी १९९०मध्ये तसलीच चाचणी वर्गाला दिली. साधे प्रश्न, आकडेमोड नाहीच. तेव्हा एकाने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी एरवी विचार करतो तशी?

या प्रश्नात सगळं आलं. मुलाच्या डोक्यात दोन कप्पे होते, एक परीक्षेचा आणि एक जगण्याचा, आणि शिकवलेलं सगळं पहिल्याच कप्प्यात जाऊन पडत होतं. ट्रकच्या प्रश्नाचं उत्तर आहे, दोन्ही बलं अगदी सारखी. मोटारीला जास्त फटका बसतो, कारण तिचं वस्तुमान कमी, म्हणून तेवढ्याच बलाने तिचा वेग कितीतरी जास्त बदलतो. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात’ हे धडाधड म्हणून दाखवणारेही इथे ‘ट्रकचं जास्त’ म्हणतात.

चाचणीचा निकाल निराश करणारा होता. पुढे मझूरनी परीक्षेत दोन प्रश्न शेजारीशेजारी ठेवले. एकात किर्चॉफचे नियम लावून विद्युतमंडलातला प्रवाह काढायचा. दुसऱ्यात बॅटरीला तीन दिवे जोडलेले, कळ दाबली की दिव्यांच्या उजेडात काय फरक पडतो, असं सांगायचं. समीकरणं सफाईने सोडवणारी अनेक मुलं दिव्यांपाशी अडखळली.

चाचणीतलाच एक प्रश्न ते फळ्यावर समजावू लागले. एकदा सांगितलं, मग दुसऱ्या पद्धतीने सांगितलं, तरी चेहरे कोरेच. शेवटी हतबल होऊन ते म्हणाले, आता तुम्हीच एकमेकांशी बोला. वर्गात एकच गलका झाला आणि दोनेक मिनिटांत मुलांना उत्तर उमगलं होतं.

असं का व्हावं? शिक्षकाला ती गोष्ट समजून इतकी वर्षं झालेली असतात की आपण कुठे अडखळलो होतो, हेच तो विसरतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाला ती आत्ताच कळलेली असते, म्हणून ठेच नेमकी कुठे लागते ते त्याला ठाऊक असतं.

१९९१पासून मझूरनी हाच वर्गाचा नेम केला. थोडं शिकवायचं, मग एक प्रश्न. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं. ही पायरी गाळली तर हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर वेगळं उत्तर देणारा शेजारी गाठून त्याला पटवायचं आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. वाचन घरी आधीच झालेलं असतं. शिक्षक बाकांमधून फिरत कान देऊन ऐकतो. माझ्या मते पद्धतीचा गाभा इथेच आहे, कारण मुलं चुकीचा विचार नेमका कसा करतात हे शिक्षकाला एरवी कळतच नाही.

हुशार मुलाचं उत्तर इतर जण नुसतं उचलत असतील, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या आनुवंशशास्त्राच्या वर्गात ती तपासली गेली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेने समज वाढली होती.

तरी मुलं कुरकुरतात. हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांमधला २०१९चा अभ्यास सांगतो की स्वतः धडपडून शिकणाऱ्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण त्यांना वाटत होतं की ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा आपण कमीच शिकलो. पुढच्या एका वर्गात सत्राच्या सुरुवातीलाच हे निष्कर्ष दाखवून, अडखळल्यासारखं का वाटतं, ते मुलांना सांगण्यात आलं. सत्र संपताना निम्म्याहून अधिक मुलांनी कळवलं की या पद्धतीविषयीचं आपलं मत सुधारलं आहे.