बाह्य आरएनए नियंत्रके

जनुक-अभिव्यक्ती मोजताना नमुन्यात मुद्दाम मिसळलेले, ज्ञात क्रमाचे आणि ज्ञात प्रमाणाचे कृत्रिम आरएनए. प्रयोगशाळेत त्यांना सर्रास ‘स्पाइक-इन’ म्हणतात. त्यांचा क्रम नमुन्यातील जीवाच्या जीनोमशी जुळत नसल्यामुळे त्यांचे रीड्स (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे) वेगळे ओळखू येतात. किती घातले हे माहीत असते, म्हणून किती मिळाले यावरून मोजणीची पारख होते.

उगम : ही पद्धत मायक्रोॲरेबरोबर (अनेक जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजणाऱ्या चिपबरोबर) आली असे बरेचदा लिहिले जाते. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या लिस, फे, थ्र, डॅप या जनुकांचे आरएनए ॲफिमेट्रिक्स कंपनीच्या चिपसाठी नियंत्रक म्हणून रूढ होते, त्यावरून तसा समज झाला असावा. मात्र पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) एमआरएनए, म्हणजे प्रथिनाचा संदेश वाहणारा आरएनए, मोजताना कृत्रिम आरएनए अंतर्गत मानक म्हणून घातल्याचा दाखला १९८९ मधील आहे. त्यामुळे उगम १९८० च्या दशकाच्या अखेरीस धरणे अधिक सयुक्तिक. पुढे प्रत्येक उत्पादकाची नियंत्रके वेगळी झाली आणि एका मोजणी-मंचावरील निष्कर्ष दुसऱ्याशी ताडून पाहणे अवघड बनले. म्हणून २००३ मध्ये अमेरिकेतील निस्ट या राष्ट्रीय मानक संस्थेच्या पुढाकाराने एक्स्टर्नल आरएनए कंट्रोल्स कन्सॉर्शियम (ईआरसीसी) हा गट काम करू लागला. या कामातून ९६ क्रमांचा प्लाझ्मिड (वर्तुळाकार डीएनए) संच एसआरएम २३७४ या क्रमांकाने प्रमाणित झाला.

संच : बाजारातील ईआरसीसी मिश्रणात ९२ आरएनए असतात. त्यांची लांबी साधारण २५० ते २,००० न्यूक्लिओटाइड असून शेवटी पॉली-ए (सलग ॲडेनिनची) शेपूट असते. सर्वांत विपुल आरएनए ३०,००० ॲटोमोल (१ ॲटोमोल = १०⁻¹⁸ मोल) प्रति मायक्रोलिटर, तर सर्वांत विरळ सुमारे ०.०१४, म्हणजे वीस लाखांहून अधिक पटींचा पल्ला. मिश्रणे दोन आहेत. ९२ आरएनएंचे २३-२३ चे चार गट केलेले असून पहिल्या व दुसऱ्या मिश्रणातील त्यांचे गुणोत्तर अनुक्रमे ४, १, ०.६७ व ०.५ असते. तुलनेच्या एका बाजूला पहिले आणि दुसऱ्या बाजूला दुसरे मिश्रण घातले की प्रयोगाला किती पटींचा फरक पकडता येतो ते कळते. मात्र अशा मांडणीत सामान्यीकरणासाठी (नमुन्यांच्या मोजण्या एका पातळीवर आणण्यासाठी) सर्व ९२ सरसकट वापरू नयेत; गुणोत्तर १ असलेला गटच घ्यावा.

मात्रा : १ मायक्रोग्रॅम एकूण आरएनएसाठी १:१०० विरल केलेल्या मिश्रणाचे २ मायक्रोलिटर घालतात. एवढ्यात सर्वांत विरळ आरएनएचे जेमतेम १७० रेणू येतात. त्यांतले बरेच पुढे सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) आणि लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठीचा डीएनए संच) तयार करताना गळतात, म्हणून तळच्या काही नियंत्रकांचे शून्य रीड्स दिसले तर प्रयोग फसला असे समजू नये. एकपेशी (एकेका पेशीचा आरएनए मोजणाऱ्या) प्रयोगात दहा लाख पट विरलन केले, तर एका मायक्रोलिटरमध्ये सर्वांत विपुल आरएनएचे सुमारे १८,००० रेणू असतात आणि सर्वांत विरळाचा बहुधा एकही नसतो. फार विरल आरएनए नळीच्या भिंतीला चिकटतो. म्हणून कमी चिकटणारी प्लास्टिक नळी वापरावी, विरलन आरएनएज-मुक्त (आरएनए तोडणारे विकर नसलेल्या) पाण्यात ताजे करावे आणि सर्व नमुन्यांसाठी एकाच नळीतून, एकाच बैठकीत घ्यावे. प्रत्येक नमुन्यासाठी वेगळे विरलन केले तर पिपेटची चूक जैविक फरक म्हणून समोर येते.

केव्हा घालावे : उत्तराचा अर्थ यावरच ठरतो, आणि सर्वांत महाग चुका इथेच होतात. समजा, प्रत्येकी दहा लाख पेशींतून एका नमुन्यात १० आणि दुसऱ्यात २० मायक्रोग्रॅम आरएनए निघाला. पेशी मोजून, फोडतानाच समान मात्रा घातली, तर दुसऱ्या नमुन्यात स्पाइक-इनचा वाटा निम्मा दिसेल आणि आरएनए दुप्पट झाल्याचे कळेल. आरएनए काढून, दोन्हींचा १-१ मायक्रोग्रॅम घेऊन मग मात्रा घातली, तर वाटा सारखाच येईल आणि ती दुपटीची वाढ पुसली जाईल. २०१२ मध्ये रिचर्ड यंग व सहकाऱ्यांनी सी-मिक (जनुक-अभिव्यक्ती वाढवणारे प्रथिन) वाढवलेल्या पेशींत हाच मुद्दा दाखवला : पेशीसंख्येनुसार नियंत्रके घातल्यावर बहुतेक जनुकांची पातळी वाढलेली दिसली, नेहमीच्या सामान्यीकरणात ती दिसत नव्हती.

सामान्यीकरणाचा वाद : रिसो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ईआरसीसीच्या मोजण्या थेट सामान्यीकरणासाठी पुरेशा भरवशाच्या नाहीत असे मत मांडले. याउलट लुन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये, प्लेटवरील (प्रत्येक पेशी वेगळ्या खाचेत असलेल्या) एकपेशी प्रयोगांत मात्रेतील चढउतार निष्कर्ष बिघडवण्याइतका मोठा नसल्याचे दाखवले. दोन्ही निष्कर्ष वेगळ्या मांडणीतील आहेत. काळजीपूर्वक घातलेल्या प्लेटच्या बाबतीत दुसरे मत अधिक पटते. पॉली-ए निवडीत (या शेपटीवरून आरएनए वेचून घेताना) मात्र प्रत्येक नियंत्रकाची वसुली वेगळी असते. त्यांची शेपूट वीस-पंचवीस ॲडेनिनची, पेशीतील एमआरएनएच्या मानाने आखूड. हा कल एकाच पद्धतीने केलेल्या नमुन्यांत सहसा सारखा राहतो, म्हणून तुलना चालते. पॉली-ए निवड केलेला नमुना आणि आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए) काढून टाकलेला नमुना यांची तुलना या आधारावर करू नये. ५′ टोकाला, म्हणजे सुरुवातीला, एमआरएनएसारखी रासायनिक टोपी नसल्याने टोपी पकडणाऱ्या पद्धतींत ही नियंत्रके निरुपयोगी ठरतात.

विश्लेषणात संदर्भ जीनोमच्या फास्टा (क्रमांची) आणि जीटीएफ (जनुकांच्या जागांची), दोन्ही फायलींत ९२ क्रम जोडावे लागतात. जीटीएफ राहून गेली तर रीड्स जुळतात, पण मोजणीच्या तक्त्यात येत नाहीत.

थेंब-आधारित (पेशी सूक्ष्म थेंबांत अडकवणाऱ्या) एकपेशी पद्धतींत बहुतांश थेंब रिकामे असतात, तरी स्पाइक-इन त्यांतही शिरते आणि सिक्वेन्सिंगचा खर्च खाते; तिथे यांचा वापर विरळ. समरूप प्रतिलेखांसाठी (एकाच जनुकाच्या आरएनएच्या वेगवेगळ्या रूपांसाठी) एसआयआरव्ही हा ६९ प्रतिलेखांचा संच वापरतात.