ड्राफ्ट झाला, आता आपल्याच टीमला मार्क कसे द्यायचे?

ऑक्टोबर आला की फँटसी बास्केटबॉलवाल्यांचं ठरलेलं असतं, ड्राफ्ट संपतो आणि पाच मिनिटांत ग्रुपवर स्क्रीनशॉट, "बघा रे, कशी वाटतेय टीम?" टाकणाऱ्याच्या मते अर्थातच ती भारी असते. १२ जणांच्या लीगमध्ये बाराही जण मनातल्या मनात पहिल्या तिनात, आता हे गणितात कसं बसवायचं?

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, खरे खेळाडू पाळीपाळीने उचलायचे (हाच ड्राफ्ट), साधारण १३ जणांची टीम करायची, मग खऱ्या मॅचमध्ये ते जे काही करतील ते आकडे तुमच्या खात्यात. मी इथे नऊ कॅटेगरीवाला फॉरमॅट धरतोय: पॉइंट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील (समोरच्याचा बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), थ्री पॉइंटर, फील्ड गोलची (चालू खेळातले शॉट) आणि फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) टक्केवारी, आणि टर्नओव्हर (बॉल हातचा घालवणं), जे जितके कमी तितकं बरं. दर आठवड्याला एकाशी सामना, नऊपैकी पाच मारल्या की आठवडा तुमचा.

तर पहिली अडचण मनाची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली छापलेला प्रयोग यासाठी फेमस आहे, अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट वाटले आणि विकायचा तर किती घेणार विचारलं, बाकीच्यांना विचारलं की घ्यायचा तर किती देणार. मग तोच, पण ज्यांच्या हातात होता त्यांनी साधारण दुप्पट भाव सांगितला. आणि हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचंच होतं असं समजू नका, बॅरी स्टॉ आणि हा होआंग या दोन संशोधकांनी १९९५ मध्ये खुद्द एनबीएच्या ड्राफ्टचा डेटा तपासला तर दिसलं की वरच्या नंबरवर उचललेल्या खेळाडूंना खेळात फरक नसतानाही जास्त मिनिटं मिळतात आणि टीम त्यांना जास्त वर्षं सांभाळते. करोडो डॉलर पगार देणारी माणसं अशी वागतात, तर मग आपलं काय घ्या.

पण मन एक वेळ आवरता येईल, दुसरी अडचण निव्वळ आकड्यांची आहे आणि मला तीच जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण तुम्ही कितीही निःपक्षपाती असलात तरी ती तुम्हाला सोडत नाही. समजा तुमची पाळी आली तेव्हा दहा खेळाडू शिल्लक आहेत आणि खरं तर दहाही सारख्याच लायकीचे आहेत. तुमच्याकडे जी प्रोजेक्शनची, म्हणजे सीझनमध्ये कोण किती करेल याच्या अंदाजांची, यादी आहे तिच्यात चुका असणारच, कुणाला थोडं जास्त दिलंय कुणाला थोडं कमी. तुम्ही कुणाला उचलणार? ज्याला यादीने सगळ्यात जास्त चढवलंय त्यालाच ना. हे तेरा वेळा करा, म्हणजे तुमच्या टीममध्ये यादीच्या वरच्या बाजूच्या चुका वेचून वेचून गोळा झाल्या. आणि मग टीम कशी झाली ते तपासायला पुन्हा तीच यादी उघडली, तर ती शाबासकीच देणार, दुसरं काय करणार. स्मिथ आणि विंकलर या दोघांनी २००६ मध्ये याला 'ऑप्टिमायझर्स कर्स' असं नाव दिलं, आणि याचा मोठा भाऊ 'विनर्स कर्स' त्याच्याही आधी, १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या इंजिनिअरांनी मांडला होता, समुद्रातल्या तेलाच्या ब्लॉकचा लिलाव बहुतेक वेळा तोच जिंकतो ज्याने तेलाचा अंदाज सगळ्यात जास्त फुगवलेला असतो.

म्हणून माझं साधं म्हणणं असं की ड्राफ्टच्या वेळी जी यादी बघितली नाही त्या यादीने टीम मोजा, जमलं तर दोन-तीन वेगळ्या याद्यांची सरासरी काढा. ॲप ड्राफ्टनंतर जो ग्रेड देतं तो तर बऱ्याचदा ॲपच्याच प्रोजेक्शनवरून येतो, त्यामुळे ॲपचं रँकिंग बघून टीम उचलली असेल तर त्या ग्रेडला काडीचा अर्थ नाही.

यादीतल्या चुका येतात कुठून, तर बऱ्याचशा मागच्या सीझनवर जरा जास्तच विश्वास ठेवल्यामुळे. डायसन डॅनियल्स बघा. २०२३-२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सकडून मॅचला १.४ स्टील, अटलांटाला गेला आणि २०२४-२५ मध्ये थेट ३.०. मिनिटंही वाढली होती, साधारण २२ वरून ३४, म्हणजे वाढीचा बराच भाग खराच आहे, पण मिनिटांच्या हिशोबाने सुद्धा तो वर गेलाच होता आणि तेवढ्या भागात नशीब किती हे कोण सांगणार. अशा टोकाच्या आकड्यानंतर अंदाज थोडा मधल्या बाजूला ओढून धरायचा असतो, फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने १९ व्या शतकातच आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं.

आणि प्री-सीझनच्या मॅच बघून मत तर अजिबातच बनवू नका. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत वरळीला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्या दोन मॅच झाल्या होत्या, लागोपाठच्या दिवशी. पहिली पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी मारली आणि दुसरी १३०-१०६! त्याच टीम, तोच हॉल.

आता टक्केवारी, इथे भलेभले गंडतात. यानिस आंटेटोकुम्पोचा फ्री थ्रो ६५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खालीच, पण खरा त्रास टक्क्यांचा नाही, तो मॅचला दहाच्या वर फ्री थ्रो मारतो त्याचा आहे. हिशोब करून बघू. बाकी टीम आठवड्यात ९० फ्री थ्रो मारते, ८२ टक्क्यांनी, म्हणजे ७४ च्या आसपास आत. त्यात यानिसच्या चार मॅचचे ४० टाका, त्यातले २६ आत. आता १३० पैकी १००, म्हणजे ८२ वरून थेट ७७. याउलट ६० टक्केवालाच पण मॅचला एकच फ्री थ्रो मारणारा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घेतला तर टीम ८१ च्या खाली जात नाही. यादीत नुसती टक्केवारी बघणाऱ्याला मात्र सेंटरच जास्त वाईट वाटतो.

मग यानिस घेतला म्हणजे वाट लागली का? नाही, कारण आठवडा जिंकायला पाच कॅटेगरी पुरतात. फ्री थ्रोवर सरळ पाणी सोडा आणि बाकीच्या आठांत जोर लावा, याला पंट करणं म्हणतात. नऊच्या नऊ कॅटेगरींची बेरीज करून ग्रेड देणाऱ्याला अशी टीम मधली वाटेल, प्रत्यक्षात ती धोकादायक असते. ब्लॉक एकाने जिंका नाहीतर पंधराने, मिळायचं तेच मिळतं, त्यामुळे बेरीज बघू नका, कॅटेगरीगणिक जिंकण्याची शक्यता किती ते बघा.

दुखापतीबद्दल एकच. जोएल एम्बीड २०२३-२४ मध्ये ८२ पैकी ३९ मॅच खेळला, पुढच्या सीझनला १९. वेम्बान्यामा पहिल्या वर्षी ७१ खेळला, दुसऱ्या वर्षी खांद्यात रक्ताची गुठळी सापडली आणि ४६ वर सीझन संपला. तुमच्या पहिल्या तीन पिकांपैकी प्रत्येकाची ६५ मॅच खेळायची शक्यता ७० टक्के धरली तरी तिघंही खेळण्याची शक्यता ३४ टक्केच होते, आणि आपण मनात टीमचा जो फोटो काढून ठेवलेला असतो तो कायम या ३४ टक्क्यांतला असतो.

मार्क द्यायचेच असतील तर आजच दहा-बारा अंदाज टक्क्यांत लिहून ठेवा, जसं की "डॅनियल्स २ स्टीलच्या वर राहील, ८० टक्के". हवामानाचे अंदाज तपासायला ग्लेन ब्रायरने १९५० मध्ये जी पद्धत दिली तीच इथे चालते, सीझन संपल्यावर अंदाज आणि निकाल यातल्या फरकाचा वर्ग काढायचा. ८० टक्के म्हणालात आणि झालं तर ०.०४, नाही झालं तर ०.६४, सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. सगळीकडे ५० टक्के लिहून पळ काढणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणजे त्याच्या खाली आलात तर तुम्हाला थोडंफार कळतं म्हणायचं, मग लीगमध्ये शेवटचे आलात तरी.