मिस्सेत सगळ्यांनी गाणे: गोव्यातील पार्श्वभूमी

गोव्यात कोंकणी मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, आज अख्खे चर्च मिळून गाते. ही पद्धत शतकानुशतकांची वाटते, पण तिचे वय साठीच्या आसपासच आहे. त्याआधी मिस्सेतले गाणे हे सज्जातल्या गायकवृंदाचे काम होते. चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा (सुरांची नावे घेत गाणे) आणि व्हायोलिन शिकवी. तिथे तयार झालेले आवाज लॅटिन रचना एकाच वेळी दोन-तीन वेगळ्या सुरांत गात आणि खाली भाविक रोजारची माळ जपत. मुंबईच्या बँडांना आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांना गोव्याचे वादक मिळाले, त्याचे श्रेय या शाळांना द्यायलाच हवे.

लोकभाषेची वाट त्याहून जुनी. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेले ‘क्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तकथेचे काव्य मराठी ओव्यांत होते आणि ते चर्चमधून म्हटले जाई. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. १७३६ मध्ये तर लग्नातल्या ओव्याही निषिद्ध ठरल्या.

मिळून गाणे टिकले ते लदीनीत, म्हणजे मरिया मातेच्या सामूहिक प्रार्थनेत. घरी किंवा वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) एकाने मातेची एकेक बिरुदे गायची आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणायचे, भजनात टाळकरी ध्रुपद उचलतात तसे. लॅटिनचा अर्थ न कळणारी आजीही तिची जागा चुकवत नसे. मेणबत्ती लावायला आलेले शेजारचे हिंदू कुटुंबही त्या वर्तुळात उभे राही. माणसे जोडण्याची गाण्याची ताकद गोव्याने आधी इथे अनुभवली.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला. त्यावरून आजही वाद होतो. परिषदेने लॅटिन हटवले आणि गायकवृंद मोडले, असे जुने गायक दुःखाने सांगतात. दस्तऐवजात तसे नाही. त्याने लोकभाषेला जागा दिली, पण लॅटिन जपायला सांगितले. भाविकांचा सक्रिय सहभाग मागितला, पण गायकवृंदांना प्रोत्साहन द्या, असेही म्हटले. मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य मान द्यावा, हेही त्यातच आहे. व्हॅटिकनच्या १९६७ च्या संगीतविषयक सूचनांनी दोन्ही बाजू पुन्हा सांगितल्या.

मग गोव्यात जुने गायक आणि नवे गाणे यांत दुरावा का आला? डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली होती. काही वर्षांच्या अंतराने राज्यकर्त्यांची भाषा आणि वेदीवरची भाषा दोन्ही मागे सरल्या, आणि अनेकांना ती एकच घटना वाटली. कोंकणी गीते झपाट्याने रचली गेली. सोप्या, सगळ्यांनी एकाच सुरात गायच्या चालींमुळे मागच्या बाकावरच्या शेतकऱ्याला प्रथमच मिस्सेत आवाज मिळाला. हा लाभ मोठा आहे. त्यासाठी बहुसुरी गाणे इतके मागे टाकायची मात्र गरज नव्हती. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात व्हायोलिन-क्लॅरिनेटच्या साथीने होणारे कोंकणी मोतेत, म्हणजे बहुसुरी भक्तिगीते, हे दाखवून देतात: भाषा आपली आणि सूर अनेक, असे इथे आधीपासून होतेच.

आता रोमी लिपीतली गीतपुस्तके, कीबोर्ड, गिटार आणि माइक रुळले आहेत. तरुण गायकांनी माइकवर पट्टी चढवली की खालचे लोक पुन्हा गप्प होतात. ही तक्रार खरी आहे. पट्टी बाकांवरच्या आवाजांना पेलेल अशीच धरावी आणि नवे गीत मिस्सेआधी एकदा सगळ्यांकडून म्हणून घ्यावे.