चार अक्षरं आणि लिंबाचे चार थेंब

मे महिन्यात नागपुरात दोन धंदे जोरात असतात: कूलरचा आणि करिअर मार्गदर्शनाचा. बारावीचा निकाल तोंडावर आला की सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत चौकाचौकात शिबिरांचे फलक लागतात. अशाच एका शिबिरातून आलेला जाडजूड रंगीत अहवाल ओळखीच्या एका बाईंनी माझ्यापुढे ठेवला. ‘सर, पोरगी आयएनएफपी निघाली नं. आता बी.एस्सी.ला टाकू का नको टाकू?’

अहवाल ‘एमबीटीआय’ म्हणजे मायर्स-ब्रिग्ज या व्यक्तिमत्त्व चाचणीचा होता. त्यात लिहिलं होतं की मुलगी अंतर्मुख, मनस्वी, हळवी आणि आदर्शवादी आहे. तिने लेखन, समुपदेशन, समाजकार्य यांचा विचार करावा. विक्री, हिशेब आणि ‘तांत्रिक स्वरूपाची कामं’ टाळावीत. मुलीला वनस्पतिशास्त्र आवडतं, हे तिच्याशी पाच मिनिटं बोललं तरी कळतं. पण अहवालात त्याला जागा नव्हती.

आधी या चार अक्षरांची जन्मकथा. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर एक ग्रंथ लिहिला. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज त्या विचाराने भारावल्या. त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली बनवायला घेतली. इझाबेलबाईंचं शिक्षण राज्यशास्त्राचं, आणि त्याआधी त्यांनी रहस्यकथा लिहिल्या होत्या. प्रश्नावली १९६२ साली प्रकाशित झाली. तिच्यात चार जोड्या आहेत: अंतर्मुख की बहिर्मुख, कल्पनेकडे ओढा की तपशिलाकडे, निर्णय मूल्यांवर की तर्कावर, आणि मोकळेपणा आवडतो की आखीवपणा. प्रत्येक जोडीतली पहिली बाजू आली की आयएनएफपी. चार जोड्या म्हणजे सोळा प्रकार. गंमत अशी, की इझाबेलबाई स्वतःला आयएनएफपीच म्हणवत. कागदावर ‘आखीव कामात न रमणारी’ ठरलेली ही बाई १९८० साली वारली, तोपर्यंत जवळजवळ चार दशकं याच एका कामाला चिकटून होती. हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका त्यांनी तपासल्या. आणखी एक गोष्ट शिबिरवाले सांगत नाहीत. नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी वापरू नये, असं ती चालवणारी मूळ संस्थाच म्हणते.

खोट कुठे आहे ते शाळेच्या गणितानेही दाखवता येतं. माणसांची उंची मोजली तर बहुतेक जण मध्याजवळ भरतात, अगदी बुटके आणि अगदी उंच थोडेच. अंतर्मुखतेचंही तसंच आहे. बहुतेक लोक मध्याच्या आसपास असतात, आणि चाचणी नेमकी तिथेच, सगळ्यात जास्त गर्दीत, सुरी चालवते. समजा, प्रत्येक जोडीचं मापन चांगलंच विश्वासार्ह आहे: दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.८५ (तंतोतंत जुळले तर तो १ असतो). तरीही पुन्हा चाचणी दिल्यावर एखादं अक्षर पालटण्याची शक्यता सुमारे १८ टक्के येते. चारही अक्षरं तशीच राहण्याची शक्यता काढायला ०.८२चा चार वेळा गुणाकार करायचा. उत्तर येतं सुमारे ४५ टक्के. म्हणजे शिबिरात आयएनएफपी ठरलेल्या निम्म्याहून अधिक मुली पुढच्या खेपेला दुसरंच काहीतरी ठरतील. फी मात्र दोन्ही वेळा पूर्ण.

तरी अहवाल वाचून ‘अगदी मीच!’ असं का वाटतं? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं व्यक्तिचित्र’ म्हणून एक कागद दिला. ते कितपत जुळतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांचा एकच होता, आणि मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य याच जोरावर चालतं. आपल्याकडे आता त्याच्याही वरताण प्रकार आलाय, बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगण्याचा. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उमटायला लागतात आणि जन्माआधीच पक्क्या होतात. बाळाला पुढे इंजिनीअर व्हायचंय की वकील, याची त्यांना काय खबर? पण स्कॅनर असतो, लॅपटॉप असतो, म्हणून सुशिक्षित आईबापही राजीखुशीने पैसे मोजतात.

मग चारही अक्षरं कचऱ्यात टाकायची का? नाही. १९८९ साली मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी ती आज मान्य असलेल्या पाच व्यक्तिमत्त्व-मापांशी ताडून पाहिली. चारही जोड्या त्यांतल्या चार मापांशी कमीअधिक जुळल्या, आणि पहिली जोडी बहिर्मुखतेच्या मापाशी चांगलीच जुळली. म्हणजे खाली काहीतरी खरं आहे, पण ते कमी-जास्त प्रमाणात असतं. त्याचे कप्पे पडत नाहीत. आणि या पहिल्या अक्षराच्या मुळाशी मेंदूतली जी यंत्रणा सांगितली जाते, तिचा मी अनेक वर्षांचा भक्त आहे. तेव्हा थोडा वेळ काढा.

मेंदूच्या बुडाशी, पाठीचा कणा संपतो त्याच्या वर, मस्तिष्कस्तंभात चेतापेशींचं एक जाळं आहे. १९४९ साली मोरुत्सी आणि मॅगून यांनी गुंगीत असलेल्या मांजराच्या या जाळ्याला हलका विद्युतप्रवाह दिला. मेंदूच्या लहरींचा आलेख क्षणात झोपेच्या नमुन्यावरून जागेपणाच्या नमुन्यावर गेला. डोळे-कान-कातडीकडून येणाऱ्या संदेशांचा एक फाटा या जाळ्यात जातो, आणि जाळं बाह्यपटलाला, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराला, ‘जागं राहा’ असं सांगत राहतं. लंडनचे हान्स आयसेंक यांनी १९६७ साली मांडलं, की अंतर्मुख माणसाचं हे जाळं जात्याच अधिक तल्लख असतं. एक माठ गळ्यापर्यंत भरलेला आणि दुसरा अर्धा; दोन्हींत तांब्याभर पाणी ओता, पहिला सांडेल आणि दुसऱ्याला कळणारही नाही. (आयसेंक यांच्या उत्तरायुष्यातलं, स्वभाव आणि कर्करोग जोडणारं संशोधन २०१९ साली त्यांच्याच विद्यापीठाच्या चौकशीत अविश्वसनीय ठरलं. जागृतीचा सिद्धांत त्या भानगडीत येत नाही, पण माणूस झाकून ठेवू नये.)

याची चाचणी स्वयंपाकघरात करता येते. दोन्ही टोकांना कापूस असलेली कान साफ करायची काडी घ्या. मधोमध दोरा असा बांधा की काडी आडवी, समतोल लोंबेल. एक टोक २० सेकंद जिभेवर ठेवा. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब सोडा, गिळा, आणि दुसरं टोक तितकाच वेळ ठेवा. आता काडी दोऱ्याने उचला. ती दुसऱ्या टोकाकडे जितकी झुकेल तितकी लाळ जास्त सुटली. अशा प्रयोगांत अंतर्मुख गटाची लाळ सरासरीने अधिक सुटलेली दिसली. जाळं चवीलाही जास्त दाद देतं, असा त्याचा अर्थ लावतात. प्रयोग सकाळी करा. मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात सगळ्यांच्याच तोंडाला कोरड असते. संत्र्याचं गाव म्हणून संत्रं वापरू नका, लिंबूच हवं. आणि एका काडीवरून पोराचा स्वभाव ठरवू नका. हे गटांच्या सरासरीचं बोलणं आहे.

अभ्यासाशी याचा संबंध असा. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांना योग्य पेटी निवडायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. काम अवघड असेल तर फार सौम्य आणि फार जोरदार, दोन्ही झटक्यांनी शिकणं रखडलं. मधल्या झटक्याने ते सगळ्यात लवकर झालं. जागृती वाढते तसं शिकणं आधी सुधारतं, एका टोकाला पोचतं आणि मग घसरतं. अंतर्मुख माणूस त्या टोकाच्या जवळ आधीच उभा असेल, तर थोड्या गोंगाटानेही तो पलीकडच्या उतारावर जाईल.

हे रसेल गीन यांनी १९८४ साली माणसांवर तपासलं. शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवायच्या, आणि कानाला लावलेल्या यंत्रात गोंगाट. पण गोंगाट किती, हे आधी ज्याचं त्याने ठरवायचं. बहिर्मुखांनी सरासरी ७२ डेसिबल निवडला, अंतर्मुखांनी ५५. डेसिबलचं माप घातांकी असतं. दहाचा फरक म्हणजे ऊर्जा दहापट, तेव्हा १७चा फरक म्हणजे १०चा १.७वा घात, सुमारे ५० पट. गोंगाटात एवढी तफावत असूनही, आपापल्या पसंतीच्या पातळीवर दोन्ही गटांच्या नाडीचे ठोके सारखे होते आणि शिकणंही सारखंच झालं. मग पातळ्यांची अदलाबदल केली, आणि दोन्ही गट मागे पडले. अंतर्मुख जास्त गोंगाटात, बहिर्मुख कमी गोंगाटात! मला या प्रयोगातली ही दुसरी बाजू जास्त आवडते. शांतता सगळ्यांनाच मानवते, हा घरोघरीचा समज इथे मोडतो. (आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलच आहे. वरातीच्या डीजेला हे कोण सांगणार?)

इथवर चित्र फारच गोंडस दिसतं, म्हणून रेव्हेल आणि सहकाऱ्यांचा १९८०चा प्रयोग सांगायलाच हवा. त्यांनी विद्यार्थ्यांना कॅफीन देऊन शाब्दिक परीक्षा घेतल्या. सकाळी कॅफीनने उतावळ्या मुलांचे गुण सुधारले आणि शांत, सबुरीच्या मुलांचे घसरले. आयसेंक म्हणतात तसंच. पण संध्याकाळी हा नमुना उलटला. शिवाय परिणाम एकंदर अंतर्मुखतेपेक्षा उतावळेपणाशी जुळत होता. म्हणजे माठातली पातळी दिवसभर एकच राहत नाही, ती शरीराच्या घड्याळाबरोबर वरखाली होते, आणि दोघांची घड्याळं वेगळ्या वेळेला चढतात. आज बरेच संशोधक बहिर्मुखतेचं मूळ मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत, डोपामिन या रसायनात शोधतात: बहिर्मुखाला गर्दीतून मिळणाऱ्या संभाव्य लाभाची ओढ जास्त. दोन्ही स्पष्टीकरणं एकमेकांना खोडत नाहीत, पण १९६७इतकं सुटसुटीत आता काही उरलेलं नाही.

व्यवहारात काय करायचं? मुलगी अभ्यासिकेत जाऊन सुकत असेल आणि घरी कूलरच्या घरघरीत तासन्‌तास वाचत असेल, तर तिला ‘चार लोकांत मिसळ’ म्हणून हाकलू नका. कूलरचा एकसुरी आवाज स्मरणाला फारसा नडत नाही. शेजारच्या खोलीतली मालिका नडते, कारण बोलणं मेंदूला ऐकावंच लागतं. गाणी लावून केलेल्या अभ्यासातही अंतर्मुखांचं नुकसान जास्त झालेलं दिसलं आहे. उलट, तिचा भाऊ टपरीवर मित्रांच्या गलक्यात गणितं सोडवत असेल, तर तो उनाडक्याच करतोय असं धरून चालू नका. आणि ‘कल्पनाशील मुलांना संकल्पनांतून शिकवा, दृश्य मुलांना चित्रांतून’ असल्या शिकण्याच्या शैलींचा नाद सोडा. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा चाळला आणि तो या कल्पनेच्या बाजूने उभा राहत नसल्याचं सांगितलं. पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणं मात्र सगळ्याच स्वभावांच्या मुलांनी करावं.

आता उरला आदर्शवाद. हा विदर्भ आहे राजेहो, इथे त्याची टंचाई कधीच नव्हती. एका बाजूला सेवाग्राम, दुसरीकडे वरोऱ्याचं आनंदवन. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले. नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घ्यायला त्यांनी गावातल्या बायकांना शिकवलं, आणि परिणाम मोजून १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. अर्भकांच्या पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत ६२ टक्के घट. हे ‘तांत्रिक स्वरूपाचं काम’च होतं: वजनकाटे, नोंदवह्या, संख्याशास्त्र. आदर्शवादी मुलीला विज्ञानापासून दूर ठेवणाऱ्या अहवालाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

विक्रीचंही तेच. ॲडम ग्रँट यांच्या २०१३च्या अभ्यासात सर्वाधिक विक्री ना पक्क्या बहिर्मुखांची निघाली, ना पक्क्या अंतर्मुखांची. मधल्यांनी बाजी मारली, आणि बहुतेक माणसं मधलीच असतात. जवळजवळ कुठल्याही नोकरीत कामाची प्रत सगळ्यात सातत्याने सांगतो तो गुण म्हणजे नेटकेपणा आणि चिकाटी. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली अनेक अभ्यास एकत्र करून ते दाखवलं.

आदर्शवादी मुलांच्या बाबतीत मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ साली अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास केला. हे काम म्हणजे आपला जन्मधर्म असं मानणारे लोक कामात समाधानी होते, त्यांना त्यात अर्थ सापडत होता. पण तेच कमी पगार, जादा तास आणि घाणीची कामं अधिक तयारीने सोसत होते. व्यवस्थापन आपलं कर्तव्य पाळतंय का, यावर ते बारीक नजरही ठेवत होते, पण सोसणं काही थांबत नव्हतं. २०२०च्या एका शोधनिबंधात बघणाऱ्यांची बाजू आली: कर्मचाऱ्याला कामाचं वेड आहे असं कळलं, की त्याच्याकडून फुकट जादा काम करून घेणं लोकांना जास्त रास्त वाटतं. तेव्हा मुलगी उद्या गोरेवाड्याला प्राण्यांसोबत काम करो, एखाद्या संस्थेतर्फे मेळघाटात जावो नाहीतर मिहानमधल्या कंपनीत बसो, जाण्याआधी पगार किती, तो किती तारखेला होतो, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, भविष्य निर्वाह निधी कापतात का आणि प्रवासखर्च कोण देतं, हे तिने विचारावं आणि लेखी घ्यावं. आदर्शवादी मुलांना हे विचारायची लाज वाटते, म्हणून पहिल्या खेपेला आईने बाजूला बसून विचारायला लावलं तरी चालेल.